खंजिरी पुन्हा हाती घेऊ या

मुंबईत १९८४ साली काही तरुणांनी गिटार-ड्रमवर गाणारा ‘रॉक मशीन’ बँड काढला. पुढे तो ‘इंडस क्रीड’ झाला आणि १९९७ च्या सुमारास थांबला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया यांनी दोन नवे वादक घेऊन तो पुन्हा उभा केला. जुन्या गाण्यांवरच भागवलं नाही. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम आणला.

आमचं नागपूरकडचं खंजिरी भजन मंडळही असंच थांबलं होतं. लेकी सासरी गेल्या, मुख्य गाणारी आजी वारली. यंदा आम्ही गावातल्या दोन सुनांना बोलावलं. त्यांची चाल आधी आम्हाला खटकली, मग गोड वाटली. आता बचत गटाची बैठक संपली की बसतो. तुमचं मंडळ थांबलं असेल, तर नव्या पोरींना जागा द्या बरं!