चूक आजींची की रिमोटची?



आजचा विषय स्मार्ट टीव्ही आहे. पण कोणता टीव्ही घ्यावा, हे मी सांगणार नाही. टीव्ही वापरताना माणूस नेमका कुठे अडतो आणि का अडतो, हे शोधून काढण्याचं एक शास्त्र आहे. कंपन्यांमध्ये त्याला युजर एक्स्पिरियन्स रिसर्च म्हणतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस यावर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं, की या शास्त्राची मुळं युद्धात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 बॉम्बर विमानांचे वैमानिक विमान सुखरूप उतरवायचे, आणि मग धावपट्टीवरच चाकं आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर आपटायचं. खरं तर त्यांना पंखांचे फ्लॅप्स आत घ्यायचे असत. दोष अर्थातच वैमानिकावर यायचा. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट तपासलं, तेव्हा कारण समोरच होतं. दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि हाताला सारखेच लागणारे! त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराची मूठ. आता न बघताही हाताला फरक कळू लागला. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हटल्या जाणाऱ्या 460 प्रसंगांचा अभ्यास केला. पुष्कळशा चुकांचं मूळ यंत्राच्या मांडणीत सापडलं.

सैन्यात जवानाला डोळ्यांवर पट्टी बांधून शस्त्र खोलायला आणि जोडायला शिकवतात, कारण रात्री हातच डोळ्यांचं काम करतात. टीव्हीचा रिमोटही आपण बहुतेक वेळा दिवा मालवून, नजर पडद्यावर ठेवूनच वापरतो.

आता दुपारचं घर डोळ्यांसमोर आणा. आजी सेट-टॉप बॉक्सवर मालिका बघताहेत. आवाज वाढवायला त्या टीव्हीचा रिमोट उचलतात आणि अंगठा होम बटणावर पडतो. मालिका गायब, समोर ॲप्सची चित्रं. परत जायचं कसं? सोर्सचं बटण, मग एचडीएमआय 1 की 2? चुकीचं निवडलं की पडद्यावर 'नो सिग्नल'. मग मुलगा कामावरून येईपर्यंत टीव्ही बंद. तो येऊन दोन सेकंदांत सगळं लावून देतो, आणि आजी म्हणतात, "मला बाई हे आताचं जमत नाही." 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तेव्हापासून ज्यांनी टीव्ही स्वतः लावला, स्वतः बंद केला, त्यांना आज स्वतःच्याच घरात परवानगी मागितल्यासारखं विचारावं लागतं. नुकसान एका मालिकेपुरतं नाही, स्वावलंबनाचं आहे. आणि दोष मात्र इथेही वापरणाऱ्यावरच येतो.

टीव्ही म्हणजे मोठा फोन, असं समजून चालत नाही. फोन हातभर अंतरावर असतो, टीव्ही सुमारे दहा फुटांवर. म्हणून या क्षेत्रात 'टेन-फूट इंटरफेस' हा शब्दच रूढ आहे. अक्षर मोठं हवं आणि आपण आत्ता कोणत्या चौकटीवर आहोत, हे लांबून ठळक दिसायला हवं. फोनवर बोट थेट जागेवर जातं. टीव्हीवर बाणाच्या बटणाने एकेक घर ओलांडावं लागतं. शिवाय फोन एकाचा असतो, टीव्ही सगळ्या घराचा.

शोध घेण्याचंच बघा. 'ज्ञानेश्वर' हा शब्द उच्चारायला चार अक्षरांचा. पडद्यावरच्या देवनागरी कीबोर्डवर 'ज्ञ'ची वेगळी कळ नसेल, तर काना, मात्रा, पाय मोडणं धरून दहा वेळा अक्षर निवडावं लागतं, आणि प्रत्येकाच्या आधी बाणांचा प्रवास. रोमन लिपीत लिहायचं, तर मराठी माणूस 'डी-एन-वाय' लिहितो, हिंदी माणूस 'जी-वाय' आणि जुन्या ग्रंथांच्या सवयीचा माणूस 'जे-एन'. बोलून शोधलं तरी मराठी 'द्न्या' आणि हिंदी 'ग्या' हा फरक उरतोच. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांत तर आजी मराठीत बोलणार आणि नातू हिंदी, इंग्रजी किंवा तिथल्या भाषेत. टीव्ही एकच. अशा घरात जाऊन बसल्याशिवाय संशोधकाला हे कळणार कसं?

मग संशोधन करतात कसं? माणसाला काम द्यायचं, तेही त्याच्या भाषेत. "कंटिन्यू वॉचिंगची ओळ उघडा," असं म्हणालात तर उत्तरच सांगून टाकलंत. "काल अर्धवट राहिलेला सिनेमा पुढे बघा," असं म्हणायचं. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. किती बटणं दाबली, कुठे थांबले, कितव्यांदा मागे आले, हे टिपायचं. जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलं, की साधारण पाच जणांवर चाचणी घेतली तरी अडचणींपैकी सुमारे 85 टक्के दिसून येतात. पण ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. आजी वेगळ्या, नातू वेगळा; दोघांचे गट वेगळे धरावे लागतात.

आणि "आवडलं का?" हा प्रश्न विचारायचा नाही. आपल्याकडे पाहुण्याला कोणी वाईट सांगत नाही. "छान आहे हो," असंच उत्तर येणार. हात काय करतात ते बघा.

हल्ली काही जण म्हणतात, घरोघर जायचं कशाला? टीव्ही स्वतःच सगळी नोंद पाठवतो. ही नोंद उपयोगी आहे, पण आंधळी आहे. रिमोट बाजूला ठेवून, नको असलेला कार्यक्रम तीन तास मुकाट बघत बसलेली व्यक्ती तिच्यात 'तीन तास रमलेला प्रेक्षक' म्हणून दिसते. शिवाय परवानगीचा प्रश्न आहेच. 1 कोटी 10 लाख टीव्हींवर काय बघितलं जातं, याची माहिती प्रेक्षकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत विझिओ कंपनीने 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडेही 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. माझं म्हणणं एवढंच, की संमतीच्या पडद्याचीही चाचणी आजींसमोरच व्हावी. 'नको' हे बटण 'हो'इतकंच सहज सापडतं का?

हे काम करणाऱ्या तरुणांना एक विनंती. चाचणीला कुटुंबातला सगळ्यात हुशार मुलगा निवडू नका. जो रिमोट दुसऱ्याच्या हातात देतो, त्याच्याकडे जा. त्याला जमलं तर सगळ्यांना जमेल.

आणि तुमच्यासाठी घरचा अभ्यास. या रविवारी घरातल्या ज्येष्ठांना एक काम सांगा आणि दहा मिनिटं हात मागे बांधून बसा. "थांब, दे इकडे," म्हणायचं नाही. ते जिथे अडतील ती जागा कागदावर लिहा. मग सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही सुरू होताच सेट-टॉप बॉक्सच लागेल, अशी सोय आहे का ते बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये असते. होम बटणावर कापडी पट्टीचा तुकडा चिकटवा, म्हणजे अंगठ्याला कळेल. चपानिसने याहून फार वेगळं काही केलं नव्हतं. आणि तो कागद कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा.

जय हिंद.