पोथ्यांचे कूळ, प्राण्यांचे कूळ

(पेडणे येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मी साहित्याचा माणूस; प्राणिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. तरी बोलतो, कारण लहानपणची एक चूक अजून मनात सलते. डिचोलीला आमच्या कुळागरात, ऐन पावसात माती उकरताना एक लांबट, काळपट, ओलसर जीव बाहेर आला. साप समजून मी कोयता घातला. पुढे कित्येक वर्षांनी चित्र पाहिले तेव्हा कळले, ते देवगांडूळ होते. बेडकाच्या गणगोतातले उभयचर.

चुकणारा मी एकटा नव्हे. खुद्द लिनीयसने 1758 साली या प्राण्यांना सापांतच बसवले होते. पाय नाहीत, अंग लांब. एवढे साम्य पुरेसे वाटले. पण रूप सारखे म्हणून कूळ एक, असे होत नाही.

पाठचिकित्सा शिकवताना मी हेच सांगतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा असंख्य पोथ्यांची कुळे लावावी लागली. दोन पोथ्यांत मूळचा पाठ सारखा असेल, तर त्यातून जवळचे नाते सिद्ध होत नाही. तो सर्वांचाच वारसा. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींमधली ओळ कोणाच्याही हातून सुटते. तेही पुरावा म्हणून कच्चे. पण मुळात नसलेली एकच वेगळी ओळ दोन्हींत, त्याच जागी, घुसलेली सापडली, तर दोघींची आई एक, हे जवळजवळ ठरतेच.

जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी 1950 मध्ये प्राण्यांसाठी मांडलेली पद्धत याच जातीची. पाठीचा कणा सापाला आहे, देवगांडुळालाही आहे. पण तो बेडकाला, माशाला आणि आपल्यालाही आहे. तो जुना वारसा. पाय जाणे ही सुटलेली ओळ. ते निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडले. मात्र डोळा व नाकपुडी यांच्यामधली बारीक स्पर्शिका देवगांडुळांतच आढळते. ही त्यांच्या कुळाची खूण. अशा अनेक खुणा जुळवून वंशवृक्ष काढतात. आज त्यांना डीएनएची जोड आहे. तीही चार अक्षरांत लिहिलेली पोथीच.

उत्तर गोव्यातील केरी गावातून 2007 साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली गेली: गेगेनिओफिस गोवाएन्सिस. तिच्या कुळातले काही जवळचे नातलग अरबी समुद्रापलीकडे सेशेल्स बेटांवर आहेत. खारे पाणी सहसा न सोसणारे हे जीव तिथे पोहत गेले असतील, असे मानण्याचे कारण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स यांचे भूभाग अलग झाले; घर फुटले आणि भावंडे दोन किनाऱ्यांना गेली. केरीच्या मातीत ती ताटातूट आजही नोंदलेली आहे.

‘देवगांडूळ’ हे नावही शास्त्राच्या हिशेबाने चुकीचेच. तो प्राणी गांडूळ नव्हे. पण ज्याने ते नाव दिले त्याने हा जीव नेहमीच्या गांडुळाहून वेगळा आहे, हे पाहिले होते. पाहणे ही वर्गीकरणाची पहिली पायरी. म्हणून शिक्षकांना माझी विनंती: पेडणे-डिचोलीच्या मुलांना पावसाळ्यात एक वही द्या. दिसलेला जीव, त्याच्या खुणा आणि घरातली वडीलधारी माणसे त्याला काय म्हणतात, एवढे त्यांनी लिहावे. माझ्या हाती तेव्हा कोयत्याऐवजी वही असती, तर आजचे भाषण एका पश्चात्तापाने सुरू झाले नसते.