ब्रेकचं पेडल काय सांगतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं, "सॉफ्टवेअर सोडून काहीतरी बोल." म्हणून आज माझ्या दुसऱ्या नादाबद्दल बोलते.

इंग्लंडमध्ये आमच्याकडे एक जुनी एमजीबी आहे. ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला तयार होत असे. इंजिन १७९८ सीसीचं, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आधीच्या मालकानं पुढचे मूळ कॅलिपर काढून चार पिस्टनचे मोठे कॅलिपर बसवले होते. गाडी देखणी, पण ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला जायचं. लगेच पुन्हा दाबलं की वर यायचं, तरी पायाखाली मऊच लागायचं.

अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. समोर मूल आडवं आलं तर दुसऱ्यांदा पेडल दाबायला वेळ कुठला? त्यातून चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना तिथे वार्षिक तपासणीतून सूट असते. म्हणजे सगळी जबाबदारी मालकाची.

आपण शाळेत पास्कलचा नियम शिकलो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेकमध्ये हेच चालतं. पेडल मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलतं आणि ते तेल चाकांवरचे पिस्टन ढकलतं. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पेडल कडक लागतं. हवा मात्र दबते.

त्यामुळे पेडलच बरंचसं सांगून जातं. स्पंजासारखं मऊ लागलं तर तेलात हवा आहे किंवा रबरी नळी फुगते आहे. खोल गेलं पण शेवटी कडक झालं, तर कुठेतरी पिस्टनला फार लांब सरकावं लागतं आहे. पाय स्थिर ठेवूनही हळूहळू खाली बसलं, तर तेल गळतं आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं सील तेल मागे सोडतं आहे. पायाला ठोके जाणवले, तर डिस्क किंवा ड्रम सरळ फिरत नाही.

आमच्या ओळखीच्या जाणकारांचा संशय नव्या कॅलिपरवर होता. मोठे पिस्टन म्हणजे तेल जास्त लागणार, तेव्हा मास्टर सिलिंडरही मोठा बसवा, असं त्यांचं म्हणणं. मी गणित मांडलं. समजा १९ मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर बसवला, तर क्षेत्रफळ सुमारे १.३४ पट होतं. पेडल कमी खोल जाईल हे खरं, पण पायाचा जोर तोच असताना तेलावरचा दाब पाव हिश्शानं कमी होईल. खरा दोष तसाच राहील आणि वर ब्रेकही जड होतील.

म्हणून प्रोग्राममधला दोष शोधतो तसाच हाही शोधला: भाग वेगळे करायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एमजीबीला तीन लवचिक नळ्या असतात, पुढे दोन आणि मागे एक. त्या नव्या आणि रबरी होत्या, म्हणून नळीसाठीच्या खास चिमट्यांनी तिन्ही बंद केल्या. (नळीवर स्टीलची जाळी असेल तर चिमटा कधीही लावू नये.) पेडल वर आणि दगडासारखं कडक! पाय ठेवून वाट पाहिली, तरी खाली बसलं नाही. मास्टर सिलिंडर निर्दोष.

मग फक्त मागचा चिमटा काढला. पेडल एकदम खोल गेलं, पण शेवटी कडक लागलं. तो लावून पुढचे काढले, तर खोली थोडीच वाढली, पण मऊपणा आला. म्हणजे दोष दोन होते, आणि मोठा दोष नव्या भागात नव्हताच. मागच्या ड्रममधले ब्रेक शू झिजून ड्रमपासून लांब गेले होते. या गाडीत ते हातानंच जुळवावे लागतात. बॅकप्लेटमागचा चौकोनी ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं होईपर्यंत मागे घ्यायचा. एवढंच काम!

पुढचे कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले होते. त्यामुळे हवा काढायचं निपल खाली आलं होतं. हवा वर जमते, ती खालून कशी निघणार? कॅलिपर अदलाबदल केले, नवं तेल भरून हवा काढली आणि पहिल्याच दाबाला पेडल कडक झालं. गळती तपासून पहिली चाचणी बंद आवारात, चालण्याच्या वेगानं घेतली.

तेलाचंही सांगते. डॉट ४ तेल हवेतली ओल शोषतं. ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओल शोषलेल्याचा किमान १५५. घाटात ब्रेक तापले की जुनं तेल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ते बदलणं बरं.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे जुनी स्पोर्ट्‌स कार नसेल, पण गाडी असेलच. गॅरेजमध्ये "ब्रेक नीट नाहीत" एवढंच सांगू नका. पेडल मऊ आहे, खोल जातं, खाली बसतं की थरथरतं, ते सांगा. आणि "हा भाग बदलावा लागेल" असं उत्तर आलं, तर तोच भाग दोषी कशावरून, हे जरूर विचारा. असे प्रश्न विचारायची सवय आपल्याला याच शाळेनं लावली आहे.