नेत्रांची हालचाल आणि घराण्याची परंपरा
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्याकडे सोयरीक जुळविताना गोत्र, पत्रिका, शिक्षण यांची चौकशी मोकळेपणाने होते. परंतु घराण्यात जन्मतःच डोळे न हलणारे कोणी होते काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच तर उत्तर चाचरत मिळते. म्हणूनच आज याच विषयावर बोलावयाचे आम्ही ठरविले आहे.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या ओढीने फिरतो आणि हे स्नायू मेंदूतून निघालेल्या तीन मज्जातंतूंच्या आज्ञेत असतात. तिसरा मज्जातंतू चार स्नायूंस व वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूस चालवितो. चौथा व सहावा प्रत्येकी एकेकास. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे तंतू मेंदूपासून डोळ्यापर्यंत वाट काढीत जातात. एखादा वाट चुकला, खुंटला किंवा भलत्याच स्नायूस जाऊन मिळाला, तर मूल जन्मतःच त्या दिशेस डोळा फिरवू शकत नाही.

अशा एका विकारात दोन्ही डोळे खाली खिळलेले व पापण्या मिटल्यासारख्या असतात. समोरचे पाहण्यासाठी मूल हनुवटी वर करते. न जाणणारे त्यास उर्मट म्हणतात! पुष्कळ वर्षे वैद्यकाची समजूत अशी होती की, यात स्नायूच ताठर होतात, दोष स्नायूंचाच. बोस्टनच्या डॉ. एलिझाबेथ एंगल यांनी या समजुतीचा पाठपुरावा केला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली या विकाराचे स्थान बाराव्या गुणसूत्रावर निश्चित केले. 1997 साली, हा विकार असलेल्या एका व्यक्तीच्या मरणोत्तर तपासणीत, तिसऱ्या मज्जातंतूची वरची शाखाच नाही असे आढळले. मूळ दोष स्नायूचा नव्हे, मज्जातंतूचा! प्रत्यक्ष जनुक हाती यावयास 2003 साल उजाडले. त्याचे नाव केआयएफ-21-ए. पेशीच्या आत माल वाहून नेणारे जे हमाल असतात, त्यांपैकी एक हे जनुक घडविते. वाटेल की हमाल थकला म्हणून काम अडले असेल. तसे नव्हे, पुढील संशोधनात दिसले की त्यास आवरणारा लगामच सुटलेला असतो.

हा विकार एका पालकाकडूनच येतो. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा. तथापि याच्याच एका भावंडाची रीत वेगळी. त्याचे जनुक, फॉक्स-2-ए, 2001 साली सापडले, तेही सौदी अरेबियातील आप्तविवाहाची चाल असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून. येथे आई व बाप दोघेही निरोगी दिसतात, पण दोघेही एकेक सदोष प्रत बाळगून असतात. म्हणजे प्रत्येक अपत्यास चारांत एक संभव. डोळे आडवे न फिरणे आणि बालपणीच पाठीचा कणा वाकडा होत जाणे, हा जोडविकारही याच रीतीने उतरतो. त्याचे जनुक, रोबो-3, 2004 साली कळले. अशा मुलाचे डोळे एका डॉक्टराने व पाठ दुसऱ्याने पाहिली आणि दोघांत बोलणेच झाले नाही, तर निदान हुकते.

आता आपल्या घरातील गोष्ट. सगोत्र विवाह आम्ही कटाक्षाने टाळतो. परंतु मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ज्ञातींत चालत आली आहे. तेथे गोत्र निराळे म्हणून मन निर्धास्त असते. पण आतेमामे भावंडांची जनुके सरासरीने एक अष्टमांश समान असतात, आणि गोत्र पित्याकडून मोजले म्हणून मातेकडील रक्त काही पुसले जात नाही. बहुसंख्य आप्तविवाहांची मुले निरोगी असतात हे खरे. परंतु घराण्यात असा विकार एकदा दिसला असेल, तर पुन्हा तेथेच सोयरीक करणे आम्हास शहाणपणाचे वाटत नाही.

दुसरे, आमचे कुलवृत्तान्त. मोठ्या कष्टाने सिद्ध झालेले हे ग्रंथ आम्ही आदराने वाचतो. परंतु त्यांत लेक सासरी गेली की बहुधा तिची शाखा संपते. डोळे झोके घेत राहण्याच्या एका विकाराचे जनुक, एफआरएमडी-7, 2006 साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून हा विकार बापाकडून मुलास कधीच जात नाही, मातेकडून जातो, आणि कित्येकदा तिचे स्वतःचे डोळे स्थिर असतात. आजोबास विकार, लेक निरोगी, नातवास पुन्हा विकार! पुरुषांचीच नावे लिहिणाऱ्या वंशावळीत हा धागा दिसावा कसा?

याचा भार मात्र सुनेवर पडतो. ग्रहणात भाजी चिरली, नको ते पाहिले, असे बोल तिला ऐकावे लागतात. ग्रहणाचा येथे काडीचा संबंध नाही. शिवाय घराण्यात कोणासही नसता नवा बदल मुलात प्रथमच उद्भवू शकतो. अलेक्झांडर ड्युएन यांनी 1905 साली सविस्तर वर्णिलेला विकार, ज्यात डोळा बहुधा बाहेरच्या बाजूस वळत नाही व आत वळताना खोल जातो, बहुतेकांत असा एकटादुकटाच आढळतो. सीएचएन-1 हे त्याचे एक जनुक 2008 साली कळले खरे, पण ते थोड्याच कुटुंबांत सापडते.

उपचाराविषयी भलती आशा आम्ही दाखविणार नाही. शस्त्रक्रियेने डोळा सरळ बसविता येतो, मानेचा बाक कमी होतो, पापणी उचलून धरता येते. नसलेला मज्जातंतू मात्र निर्माण करता येत नाही. परंतु तिरळा डोळा भाग्याचा म्हणून स्वस्थ बसणाऱ्या आईबापांस आमचे सांगणे एवढेच की, लहानपणी ज्या डोळ्याचा वापर होत नाही त्याची दृष्टी मंद राहते, आणि वय वाढले की ती परत मिळविणे कठीण होते. मूल लहान असतानाच त्यास नेत्रवैद्याकडे न्यावे; जाताना दोन्हीकडील, माहेरच्या व सासरच्या, तीन पिढ्यांची माहिती लिहून न्यावी.

शंका असतील त्या आता विचाराव्यात. चारचौघांत विचारणे ज्यांस प्रशस्त वाटत नाही, त्यांच्यासाठी सभा संपल्यावरही आम्ही येथेच थांबणार आहोत.