आईवडिलांना स्मृतिभ्रंश : मुलांनी स्वतःसाठी काय करावे?

(२१ सप्टेंबर या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



या व्यासपीठावरून आम्ही एरवी खाटा, जमा आणि खर्च यांविषयीच बोलत असतो. आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. आज वैद्यकाविषयी जे सांगणार आहोत, ते आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आहे. मात्र ज्या प्रश्नामुळे हे भाषण करावेसे वाटले, तो प्रश्न आमच्याच खिडकीवर, म्हणजे बिलाच्या खिडकीवर विचारला जातो. आईची फाइल हातात घेतलेली पन्नाशीची मुलगी आवाज खाली आणून विचारते, "हे आम्हालाही होणार का हो?" डॉक्टरांसमोर हा प्रश्न तिच्या ओठांवर येत नाही. तिथला वेळ आईचा असतो, स्वतःचे काय विचारायचे, असे तिला वाटते.

भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील मोठा वाटा अल्झायमरचा. म्हणजे असा प्रश्न मनात असणारी मुले त्याहून कितीतरी अधिक.

उत्तर असे की, बहुतेकांच्या बाबतीत हा आजार घरदार जसे वारसाने मिळते तसा मिळत नाही. मिळतो तो वाढलेला धोका. अपवाद आहे, तो आधी सांगतो. काही थोड्या घराण्यांत एकाच जनुकातील दोषामुळे तिशी, चाळिशी वा पन्नाशीतच अल्झायमर सुरू होतो आणि प्रत्येक अपत्याला तो दोष येण्याची शक्यता निम्मी असते. अशी कुटुंबे एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आहेत. आपल्या घरी दोन-तीन पिढ्यांत साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक यांची भेट अवश्य घ्यावी. बाकीच्यांनी हा अपवाद स्वतःवर ओढवून घेऊ नये.

बाकीच्यांत ज्याची चर्चा होते, तो एपीओई या जनुकाचा ई-४ हा प्रकार. त्याची एक प्रत असली तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोन प्रती असल्या तर त्याहून बराच अधिक. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आलेले आहेत, हेही ध्यानात असावे. ई-४ असूनही कित्येकांना हा आजार होत नाही, आणि नसूनही कित्येकांना होतो. म्हणून केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. तो अहवाल एकट्याचा राहत नाही. भावंडांना आणि मुलांनाही तो न मागता मिळतो. २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती देण्यापूर्वी ही तपासणी करण्याला अर्थ आहे, कारण दोन प्रती असलेल्यांत त्या औषधांमुळे मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा संभव जास्त असतो. ही औषधे आरंभीच्या अवस्थेतच देतात, आजाराची गती काहीशी मंदावतात आणि गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. वर्तमानपत्रातील मथळा वाचून घर गहाण टाकण्याचा विचार कोणी करू नये.

आता धोक्याच्या ज्या भागावर आपला हात पोहोचतो, त्याकडे वळू.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल वा लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशोब आहे. हिशोबनीस या नात्याने येथे एक खुलासा करतो. ही बेरीज समाजाची आहे, एका माणसाची नव्हे. चौदा गोष्टी पाळल्या म्हणून कोणाला हमीपत्र मिळत नाही. परंतु त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, लठ्ठपणा, बैठी राहणी, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, नैराश्य, एकटेपणा आणि डोक्याला झालेली इजा यांचा समावेश आहे. यांतील निम्म्या गोष्टींची दखल आपल्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी घेता येते.

वेळ महत्त्वाची आहे. मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू होतात. पंच्याहत्तरीच्या आईला घेऊन जी मुलगी येते, तिची वेळ आज चालू आहे. आणि नेमकी तीच स्वतःची तपासणी करीत नाही. आईच्या फाइलवर रक्तदाबाच्या डझनभर नोंदी असतात. मुलीला स्वतःचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला हे आठवत नाही. बाळंतपणात मोजला होता, असे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे.

पन्नाशीपुढील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट ज्यांच्यासाठी होते, त्यांच्यात सौम्य बोधात्मक दुर्बलता १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही. कोणाचा रक्तदाब किती खाली आणावा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण मोजायला यावे, दिलेली गोळी "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नये, आणि ताटातले लोणचे, पापड व वरून घेतलेले मीठ यांचा विचार करावा.

कानांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्याकडे डोळ्यांना चष्मा चालतो, कानाला यंत्र चालत नाही. "वयोमानाने ऐकू कमी येणारच" असे म्हणून घरातले लोक मोठ्याने बोलू लागतात, मग कमी बोलू लागतात, आणि शेवटी तो माणूस भजनी मंडळात वा कट्ट्यावर जाणेच सोडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरीपुढील ९७७ व्यक्तींपैकी काहींना श्रवणयंत्रे व समुपदेशन देऊन तीन वर्षे पाहण्यात आले. सर्वांचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळात अधिक होता, त्यांच्या गटात बुद्धीची घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली. घराण्याचा इतिहास असणाऱ्यांनी कानाची तपासणी टाळू नये.

विसरू लागलेला प्रत्येकजण अल्झायमरचा रुग्ण नसतो. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, जी शाकाहारी घरांत वारंवार आढळते, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही स्मृती मंदावते आणि उपचाराने सुधारते. स्मरणशक्तीची चूर्णे विकत घेण्यापूर्वी रक्त तपासून घेणे स्वस्त पडते.

घराण्याचा इतिहास म्हणजे तरी काय? आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवण्याची रीत होती. आजीला म्हातारचळ लागला होता, एवढेच पुढच्या पिढीला ठाऊक असते. लग्ने जुळवायची असली की तेवढेही सांगितले जात नाही. घरातील जाणत्या माणसांना आजच विचारावे : कोणत्या वयात सुरू झाले, हळूहळू की पक्षाघातानंतर, मधुमेह वा रक्तदाब होता का. ते कागदावर लिहून ठेवावे.

आमच्या क्षेत्रातील दोन गोष्टी सांगतो. आजाराची पहिली चाहूल पुष्कळदा पैशांच्या व्यवहारात लागते : दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले जातात, सही बदलल्यामुळे बँकेतून धनादेश परत येतो. हिशोब चुकला म्हणून वडिलांवर रागावण्यापूर्वी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची सारासार बुद्धी नाहीशी झाली की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे गरज लागते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. मृत्युपत्र करतानाही मन सुस्थितीत असावे लागते. तेव्हा संयुक्त खाती, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही कामे बुद्धी शाबूत असताना, वकिलांच्या सल्ल्याने उरकावीत. आईवडिलांची, आणि स्वतःचीही.

देणगीदारांना एक विनंती. यंत्रसामग्रीसाठी आपण मुक्तहस्ते देता, याबद्दल संस्था ऋणी आहे. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर अथवा श्रवणयंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी बसत नाही, म्हणून त्यासाठीचा निधी नेहमी मागे राहतो. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांची तपासणी नाममात्र शुल्कात करावी, अशी योजना आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. ती आपल्या साहाय्याविना चालणार नाही.

आजच्या सभेनंतर तळमजल्यावर रक्तदाब व साखर तपासण्याची सोय केली आहे. रुग्णाला सांभाळायला आमच्या परिचारिका आहेत, तेव्हा सोबत आलेल्या मुलांनी आणि मुलींनी स्वतःचे नाव नोंदवावे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे जवळ असतील तर दाखवावीत. खिडकी दुपारी दोनपर्यंत उघडी राहील.