आठ वर्षांचा खेळ

रॉकस्टार गेम्स या कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्पशन २’ हा व्हिडिओ गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी विक्रीस आला, तेव्हा त्याच्या निर्मितीस सुमारे आठ वर्षे लोटली होती आणि जाहीर केलेली मुदत दोनदा पुढे ढकलली गेली होती. पैशाला तोटा नव्हता, देशोदेशींचे स्टुडिओ, त्यांत आपल्याकडील बंगळूरचाही, कामाला लागले होते; मग एवढा काळ कशात गेला, ही शंका रास्तच आहे.

चित्रपटात दिग्दर्शक दाखवील तेवढेच आपण पाहतो. खेळात मात्र कोठे जावयाचे हे खेळणारा ठरवितो, म्हणून त्याची नजर जेथे जेथे पोचण्याचा संभव आहे ते सारे आधीच सिद्ध ठेवणे भाग पडते. यातले एक हरिणच घ्या. ते चरते, बुजते, गोळी लागल्यावर कोसळते. नायक आर्थर मॉर्गन त्याचे कातडे सोलतो, धूड घोड्यावर लादतो, आणि ते तसेच राहू दिले तर कुजू लागते. त्याची चाल ॲनिमेटरने, अंगकांती चित्रकाराने, बुजण्याची बुद्धी प्रोग्रॅमरने आणि खुरांचा आवाज ध्वनिविभागाने घडवावयाचा. पुढे घोड्याच्या पाठीचा आकार कोणी किंचित बदलला, तर धूड त्या पाठीत रुतलेले दिसू लागते आणि मिटलेले काम पुन्हा उघडावे लागते. अशा असंख्य गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने माणसे दुप्पट केली म्हणून काळ निम्मा होत नाही. शिवाय खेळ रंगतो की नाही, हे तो बराचसा जुळून आल्यावाचून उमगत नाही, आणि रंगत नसेल तर महिनोन्महिने खपून केलेले काम टाकून देण्याचे धैर्य दाखवावे लागते. कलेच्या दृष्टीने मला हेच धैर्य सर्वांत मोलाचे वाटते.

परंतु मुदत मुक्रर करणारे निराळे आणि तिच्यासाठी जागणारे निराळे, हा या धंद्यातील रिवाज मला अन्यायाचा वाटतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेडने ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ साली जाहीर केला. जादा कामाची सक्ती करणार नाही असे आश्वासन दिले असतानाही २०२० च्या सप्टेंबरात सहा दिवसांच्या आठवड्याचा हुकूम निघाला, आणि एवढे करूनही तारीख आणखी २१ दिवसांनी लांबली. १० डिसेंबरला बाजारात आलेला तो खेळ जुन्या यंत्रांवर इतका सदोष ठरला, की आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला, आणि तो तेथे पुन्हा विक्रीस लागण्यास २०२१ चा जून उजाडला.