लुई व्होला : पंचकांतील पांचवा

नांदूरघाटच्या एखाद्या भजनांत बुवांचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. मृदंग वाजविणाऱ्याचें मात्र विचारावें लागतें. युरोपांतील जिप्सी जॅझ या संगीताचेंही तसेंच आहे. जँगो राइनहार्ट यांच्या गिटारीची कीर्ति जगभर पसरली. त्यांच्यामागें डबल बेस वाजविणारे लुई व्होला कोण, हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या कुळांतील सर्वांत मोठें, खर्जाचें वाद्य. तें माणसाहून उंच, म्हणून बहुधा उभ्यानेंच वाजवितात. आपल्याकडे गोव्याच्या वादकांनीं तें मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुळविलें.

व्होला यांचा जन्म १९०२ सालचा, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ला सेन गांवचा. आरंभीं ते अकॉर्डियन वाजवीत. जवळच्याच तुलाँ शहरीं १९३१ मध्यें त्यांनीं जँगो व त्यांचे बंधु जोसेफ यांना ऐकलें. हे बंधु रोमा जमातीचे, म्हणजे जिप्सी. या जमातीचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतूनच पश्चिमेस गेले, हें त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालें आहे. जँगोंच्या डाव्या हाताचीं दोन बोटें १९२८ सालच्या आगींत निकामी झालीं होतीं. ताना घ्यावयाच्या त्या उरलेल्या दोन बोटांनीं!

१९३४ सालीं पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलांत व्होला वाद्यवृंदाचे नायक होते. जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली हे त्यांच्या हाताखालीं. विश्रांतीच्या वेळीं पडद्यामागें हे दोघे सहज वाजवूं लागले. पुढें आणखी दोन गिटारी मिळाल्या, आणि व्होलांनीं बेस हातीं घेतला. ‘हॉट क्लब’चें प्रसिद्ध पंचक तें हेंच. त्याच डिसेंबरांत त्याचें ध्वनिमुद्रण झालें.

या पंचकांत ड्रम नव्हता. लय राखण्याचा सारा भार दोन गिटारींवर आणि बेसवर पडला. चार मात्रांपैकीं पहिलीवर व तिसरीवर बेसनें खर्ज द्यावा, दुसरी व चौथी गिटारींनीं तोडावी, असा बहुधा क्रम. खर्जाची मात्रा केसभर ढळली, तर वरची तान अधांतरीं लोंबकळावी. तबल्यावांचून द्रुत ख्याल गाण्यासारखेंच हें धाडस! कालचा नायक आज मागें उभा राहिला. याला त्याग म्हणावें कीं आवड, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत व्होला रे व्हेंचुरा यांच्या वाद्यवृंदाबरोबर दक्षिण अमेरिकेस गेले. जँगो १९५३ सालीं निवर्तले; व्होला १९९० पर्यंत जगले. तीं जुनीं ध्वनिमुद्रणें आजही ऐकावयास मिळतात. ऐकतांना एकदां व्हायोलिन सोडून खालच्या स्वराकडे कान द्यावा.